निशिकांतची शिट्टी

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. बावीस पोरं एका चेंडूमागे धावतात आणि एक माणूस शिट्टी घेऊन त्या पोरांमागे धावतो, एवढंच मला दिसतं. पण तो शिट्टीवाला माणूस आमच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि त्याला मी चांगली ओळखते. तेव्हा ज्यांना फुटबॉल कळतो त्यांनी त्याच्याबद्दल पुष्कळ बोलून घेतलं, आता मी बोलते.

त्याचं नाव निशिकांत. तोंडावर मी त्यांना भावजी म्हणते आणि अहो-जाहो करते, कारण माझ्या नवऱ्याचे, प्रबोधचे, ते मित्र. माघारी मात्र तो निशिकांतच. एका बँकेत ऑडिटमध्ये आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि वर त्यांच्याशी गोड बोलायचं, अशी नोकरी. गोड बोलणं त्याला कधी जमलं नाही, पण चुका काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. शनिवार-रविवारी तो कॉलेजांच्या मॅचेसना रेफ्री म्हणून उभा राहायचा. तरुणपणी पुण्यात स्वतः खेळायचा म्हणे. गुडघे गेले, खेळ सुटला आणि शिट्टी हातात आली.

सिंगापूरला क्लेमेंटीतल्या आमच्या ब्लॉकमध्ये दोन मजल्यांत दोन मराठी घरं म्हणजे वाड्यासारखंच येणंजाणं. नंदा इथे होती तेव्हा तर आमच्या वाट्या कुणाच्या आणि त्यांच्या कुणाच्या हेच कळेनासं झालं होतं. नंदा त्याची बायको. ती पुण्याला परत गेली. भांडण नाही, तंटा नाही, घटस्फोट तर नाहीच. ‘मला इथे करमत नाही,’ एवढंच म्हणाली आणि गेली. रविवारी दोघं फोनवर बोलतात. काय बोलतात देव जाणे. तो बहुधा तिला हवामान सांगत असावा.

नंदा का गेली याबद्दल माझं एक मत आहे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा उकडीच्या मोदकांची स्पर्धा होती. परीक्षक कोण, तर निशिकांत, कारण त्याच्यासारखा निःपक्षपाती माणूस सगळ्या सिंगापुरात नाही असं सगळ्यांचं मत. ताटांवर नावं नव्हती, नुसते आकडे होते. पण नंदाच्या मोदकाच्या कळ्या त्याने झोपेतसुद्धा ओळखल्या असत्या. कुणीही ओळखल्या असत्या. असे मोदक तिच्याशिवाय कुणाला येतच नव्हते. आणि या सद्गृहस्थाने तिला तिसरा नंबर दिला! पहिला मला मिळाला. माझ्या मोदकांतून सारण बाहेर डोकावत होतं. मी लाजेने अर्धी झाले आणि नंदा हसली. घरी जाताना लिफ्टमध्ये मला म्हणाली, “विनीता, ह्यांच्या घरात राहायचं म्हणजे शर्यतीत चार पावलं मागूनच पळायचं.”

मी त्याला विचारलं होतं तेव्हा, असं का केलंत म्हणून. तो म्हणाला, “अहो वहिनी, घरच्याच माणसाला पहिला नंबर दिला असता तर लोक काय म्हणाले असते?” लोक काय म्हणाले असते! लोक म्हणाले असते, मोदक छान झालेत.

नंदा गेल्यावर त्याने आतली खोली भाड्याने द्यायला काढली. क्लेमेंटीत ही काही नवलाची गोष्ट नाही. युनिव्हर्सिटी जवळ, बस दाराशी, घरोघरी एखादा विद्यार्थी असतोच. निशिकांतकडे आर्यन आला. आर्यन कोल्हापूरचा, इंजिनिअरिंगला. कोल्हापूरचं पोर म्हटल्यावर फुटबॉल आलाच. तिथे पेठापेठांतून तालमींचे संघ असतात आणि मॅच हरली की दोन दिवस घरात कुणी धड जेवत नाही, असं तोच सांगायचा. पहिल्याच दिवशी त्याने भिंतीवर लटकवलेली शिट्टी बघितली आणि म्हणाला, “काय ओ काका, तुम्ही रेफ्री व्हय? लई भारी! आता भांडायला घरातच माणूस मिळाला.”

आणि खरंच ते भांडायचे. आमच्या छतातून ऐकू यायचं. ऑफसाइड होता, नव्हता, हात लागला, नाही लागला. नंदा गेल्यानंतर त्या घरातून आवाज असा ऐकू आलाच नव्हता. आर्यन चहा प्यायला की कप जिथे असेल तिथे सोडायचा. खिडकीत, चपलांच्या फडताळावर, एकदा तर वॉशिंग मशीनवर. निशिकांत ओरडायचा, “अरे, हे हॉटेल आहे का?” आणि कप गोळा करत फिरायचा. ओरडताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा तो मी पाहिलाय. नोकरीवरून आला की तो आता कांदा-लसूण मसाल्याच्या भाज्या करायला लागला. ऑडिटचा माणूस, पण मसाल्याच्या बाबतीत त्या पोराचं ऐकायचा. रविवारी नंदाशी फोन झाला की फोन आर्यनच्या हातात द्यायचा. मग ती दोघं हसतायत आणि हा बाजूला उभा राहून ‘काय म्हणतेय, काय म्हणतेय’ विचारतोय. प्रबोध मला म्हणाला, “निशिकांतला मुलगा झाला, या वयात.” मी म्हटलं, दृष्ट लावू नका.

कॉलेजांच्या स्पर्धेत त्या वर्षी आर्यनचं कॉलेज फायनलला पोचलं. निळे शर्ट त्यांचे. समोर बिझनेसच्या कॉलेजची लाल शर्टवाली पोरं, गेल्या वर्षीचे विजेते. आणि फायनलला रेफ्री म्हणून निशिकांतचं नाव लागलं. निशिकांत तसाच उठून आयोजकांकडे, मिस्टर टॅनकडे गेला आणि सांगितलं, निळ्यांचा एक मुलगा माझ्या घरात राहतो, मला काढा. टॅन हसला, इथल्या ‘लाह’वाल्या इंग्रजीत म्हणाला, “अंकल, एव्हरीबडी नोज यू लाह. यू व्हेरी फेअर वन.” झालं. इतकं कौतुक ऐकल्यावर आपला माणूस नाही कसं म्हणणार? पण घरी येऊन त्याने आर्यनशी बोलणंच बंद केलं. फायनलपर्यंत एकत्र जेवायचं नाही, एका बसने जायचं नाही, मॅचचा विषय काढायचा नाही. ताट टेबलावर झाकून ठेवायचा आणि स्वतः खोलीत जाऊन बसायचा. आर्यन आमच्याकडे येऊन खो खो हसला. “काकू, काका सोवळ्यात बसलेत. शिवायचं नाही म्हणे.” आम्हीही हसलो.

आता भोंग्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या भोंग्यावर आहे. इथे वीज फार पडते. म्हणून मैदानांवर भोंगे आणि दिवे लावलेत. विजेचा धोका आला की भोंगा केकाटतो, दिवा लुकलुकतो आणि खेळ तिथल्या तिथे थांबवून सगळ्यांनी छपराखाली पळायचं. ऊन पडलेलं असलं तरी पळायचं. भोंगा ऐकला की रेफ्री शिट्टी वाजवणार, आणि शिट्टी वाजली की खेळ थांबला. त्यानंतर काहीही झालं तरी ते झालंच नाही असं समजायचं.

फायनलला प्रबोधने मला ओढून नेलं. शनिवारची दुपार होती. जुराँगच्या बाजूला आभाळ काळं झालं होतं, आमच्या डोक्यावर मात्र ऊन. एक-एक बरोबरी होती. बरोबरी राहिली तर कप गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडेच राहायचा, म्हणजे लाल पोरांकडे, असा त्यांचा नियम. खेळ संपायला थोडाच वेळ उरला होता. मधल्या रेषेजवळ आर्यनला बॉल मिळाला. त्याने एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं आणि समोर फक्त गोलकीपर उरला. प्रबोध उठून उभा राहिला. मीही उठले, कळत नसलं तरी. आर्यनने पाय मागे घेतला आणि भोंगा वाजला.

भोंगा माझ्या कानात नीट शिरायच्या आतच शिट्टी वाजली. बॉल तेव्हा आर्यनच्या पायाला लागतच होता. मग तो गेला आणि जाळीत अडकला. निळी पोरं नाचत सुटली, लाल पोरं निशिकांतकडे बोट दाखवून ओरडायला लागली. आणि निशिकांत हात आडवे हलवत होता. गोल नाही.

आर्यन दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता. मग तो एकच शब्द बोलला, आणि तो इतक्या मोठ्याने की बाकांवरच्या सगळ्यांना ऐकू गेला. “काका?”

निशिकांतने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. छपराकडे हात करून म्हणाला, “शेल्टर, प्लीज. एव्हरीवन, शेल्टर.” आपल्या घरातल्या पोराशी इंग्रजीत!

मग पाऊस आला तो संध्याकाळपर्यंत हटला नाही. मॅच तिथेच संपली. कप लाल पोरांनी नेला.

आर्यन त्या संध्याकाळी घरी आला, बॅगेत चार कपडे कोंबले आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सेंगकांगला एका मित्राकडे निघून गेला. जाताना बरंच बोलला. छतातून मला शब्द नाही कळले, पण आवाज एकाचाच होता. निशिकांतचा आवाज मला आला नाही.

पुढचं तर तुम्ही कल्पनाच करा. मॅचचा व्हिडिओ घरोघर फिरला. निळ्या कॉलेजच्या पोरांनी निशिकांतला नाही नाही ते म्हटलं. आमच्या मराठी ग्रुपवर तर ऊतच आला. ‘मराठी मुलाचा गोल मराठी माणसानेच घालवला’ असं कुणीतरी लिहिलं, आणि खेकड्यांच्या टोपलीची ती जुनीपुराणी गोष्ट लगेच हजर झाली. ज्यांनी उभ्या जन्मात फुटबॉलला पाय लावला नाही ते ‘रेफ्रीने संदर्भ पाहायला हवा होता’ वगैरे सांगायला लागले. मी दोघा-तिघांना चांगलं फैलावर घेतलं. प्रबोध म्हणाला, ‘तू कशाला मध्ये पडतेस?’ मी पडणारच.

आणि ज्यांनी त्याचं कौतुक केलं ते कोण, तर लाल शर्टवाली पोरं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, आम्ही जेवत होतो तर पलीकडच्या टेबलावरून एक जण ओरडला, “रेफ्री अंकल, थँक यू आह!” सगळे हसले. निशिकांतने अर्धी प्लेट तशीच ठेवली.

लोक वाईट नव्हते हो. कुणी त्याला वाळीत टाकलं नाही. गणपतीत आरतीला आला तर कुणीतरी म्हणालं, “भावजी, आरतीच्या मध्ये शिट्टी वाजवू नका हं.” थट्टाच होती. त्यानेही हसून दाखवलं. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी प्रसाद वर नेऊन दिला तेव्हा टीव्ही चालू होता आणि आवाज बंद होता. विचारलं, आवाज का नाही? म्हणाला, “सवय झालीये वहिनी. आर्यन अभ्यास करायचा ना.” आर्यन जाऊन तेव्हा किती दिवस झाले होते!

आर्यनची खोली त्याने तशीच ठेवली होती. बॅगेत न मावलेली पुस्तकं, दाराआड लटकणारे बूट, खिडकीत एक कप. तो कप मी उचलायला गेले तर म्हणाला, “राहू द्या, तो आला की ओरडायला बरा.” मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच त्याच्यावरच खेकसले, झाडू मारत नाही म्हणून.

रविवारी तो एकटाच पुलाउ उबीन बेटावर जायला लागला. मॅचेस नव्हत्या, तक्रारी आल्या म्हणून टॅनने चौकशी होईपर्यंत थांबा असं सांगितलं होतं. पैलतीरावर सायकल भाड्याने घ्यायची, फिरायचं, परत यायचं. एकदा आम्ही दोघं सोबत गेलो. धक्क्यावरची होडी माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. त्या दिवशी गर्दी होती. होडीवाल्याने कुटुंबं मोजून बसवली आणि आम्हाला पुढच्या होडीसाठी थांबवून निशिकांतला खूण केली. एक जागा उरली होती. एका मोठ्या चिनी कुटुंबाच्या मध्ये, आजी आणि नातवाच्या मधोमध, तो गुडघे जवळ घेऊन बसला. होडी निघाली तेव्हा त्याने आमच्याकडे बघून हात केला. प्रबोध म्हणाला, “दर रविवारी असाच जात असेल.”

एकदा मात्र मी त्याला धारेवर धरलं. म्हटलं, आर्यनला फोन करा. नियम होता, भोंगा वाजला, शिट्टी वाजवली, एवढं सरळ सांगा. पोर समजूतदार आहे. तो म्हणाला, “नियम होताच.” मी म्हटलं, मग? तो म्हणाला, “मग काही नाही.” आणि विषय बदलला. मला वाटलं, अहंकार. पुरुषांचा असतो तसा.

चौकशी झाली. टॅनच्या कमिटीने व्हिडिओ हळू करून, थांबवून, मागे-पुढे नेऊन पाहिला. भोंगा आधी, शिट्टी नंतर, बॉल रेषेपलीकडे त्याच्याही नंतर. रेफ्रीची काहीही चूक नाही, उलट त्याने सुरक्षेचा नियम तत्परतेने पाळला, असं त्यांनी जाहीर केलं. आमच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. खेकड्यांची गोष्ट टाकणाऱ्यानेच ‘आम्हाला अभिमान आहे’ असं लिहिलं. मी निशिकांतला वर जाऊन पेढा दिला. त्याने तो खाल्ला नाही, फ्रिजमध्ये ठेवला.

आणि त्याच रविवारी सकाळी आर्यन आला.

मी तेव्हा तिथेच होते. गरम थालीपिठं घेऊन गेले होते. बेल वाजली, निशिकांतने दार उघडलं आणि बाहेर आर्यन. खांद्याला तीच बॅग. थोडा वाळला होता. बूट काढता काढताच बोलायला लागला, खाली बघून.

“काका, चुकलं माझं. त्या दिवशी लई बोललो. कमिटीचं ऐकलं. तुमचं बरोबर होतं, नियम तो नियम. नंदाकाकूंचा पण फोन आलता, त्यांनी पण झापलं. सॉरी, काका.”

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी म्हटलं, “आधी आत ये, उभ्याउभ्या काय बोलतोस,” आणि चहाचं आधण ठेवायला आत पळाले. त्यांच्या स्वयंपाकघराला दार नाही. मला सगळं ऐकू येत होतं, दिसतही होतं. निशिकांतचा चेहरा असा झाला होता की आता रडेल. मनात म्हटलं, संपलं एकदाचं. आता रात्री पुन्हा ऑफसाइड सुरू.

निशिकांत म्हणाला, “आर्यन, बॅग ठेवू नकोस. आधी एक ऐक.”

आर्यन थांबला.

“सेमीफायनल आठवते? तुमची नाही, लाल पोरांची. मीच होतो रेफ्री.”

“हां. व्हय.”

“त्या मॅचलाही भोंगा वाजला होता. तेव्हा एक मुलगा शॉट मारत होता. तो कोण, कुठला, मला माहीतही नाही. मी थांबलो. त्याला शॉट मारू दिला आणि मग शिट्टी वाजवली. बॉल बाहेर गेला, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळेच रेफ्री तेवढं थांबतात. मीही नेहमी थांबतो. एवढ्याने काही वीज पडत नाही.”

मी हातात साखरेचा डबा घेऊन तशीच उभी.

“कमिटीला हे माहीत नाही. त्यांनी मला फायनलचंच विचारलं.”

“मग माझ्या वेळेला का नाही थांबला?”

“तू होतास म्हणून,” निशिकांत म्हणाला. “आठवडाभर माझ्या डोक्यात एकच होतं, उद्या कुणी म्हणायला नको, घरातल्या पोराला झुकतं माप दिलं. भोंगा वाजला आणि तू समोर होतास. शिट्टी माझ्या हातून वाजलीच. विचार करायलाही मी थांबलो नाही.”

“म्हणजे मी इथं ऱ्हात नसतो तर?”

“गोल झाला असता.”

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला. काय करावं कळेना, म्हणून तीन कपांत चहा ओतला आणि बाहेर घेऊन आले. आर्यनने कप घेतला. कोल्हापूरचं पोर, हातात दिलेल्या चहाला नाही म्हणायचं नसतं हे त्याला घरून शिकवलेलं. उभ्यानेच प्यायला, सावकाश, सगळा.

मग म्हणाला, “काका, बाकीच्या सगळ्यांसाठी तुम्ही थांबला की ओ. ओळख ना पाळख त्यांच्यासाठी. आणि मी तुमच्या ताटात जेवतोय, तर मलाच नाही?”

निशिकांत मान खाली घालून उभा होता.

“मी वशिला मागत नव्हतो, काका. दुसऱ्या पोराला जेवढं दिलं तेवढंच.”

तो माझ्या बाजूने आत मोरीपाशी गेला आणि कप धुतला. नीट, साबण लावून, आतून-बाहेरून. धुऊन पालथा घातला. त्या घरात इतके महिने राहून त्याने कधी कप धुतला नव्हता. परकाच धुतो. मग त्याने खोलीतून पुस्तकं आणि बूट घेतले, खिडकीतला तो जुना कपही धुऊन पहिल्याशेजारी पालथा ठेवला आणि मला म्हणाला, “काकू, थालीपीठ नको, राहू दे.” दार त्याने हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मी निशिकांतवर अशी चिडले की विचारू नका. म्हटलं, “तुम्हाला विचारलं होतं का कुणी? तो स्वतःहून आला होता! सॉरी म्हणत होता! गप्प राहायला काय झालं होतं तुम्हाला?”

तो पालथ्या कपांकडे बघत होता. म्हणाला, “वहिनी, सॉरी त्याने म्हणायची नव्हती. मी ती घेणार कशी?”

मी रागारागाने जिना उतरले. लिफ्टची वाट बघायला थांबले असते तर रडले असते.

त्याने कमिटीलाही जाऊन सेमीफायनलचं सांगितलं. टॅनला वाटलं, अंकलच्या मनावर परिणाम झालाय. “फरगेट लाह, अंकल,” म्हणाला. “नेक्स्ट सीझन कम.” अपराध कबूल करायला गेलेल्या माणसाला कुणी शिक्षाही देईना.

आर्यनची डिग्री झाली. पदवीदानाला आई-वडील कोल्हापूरहून आले, ते आमच्याकडे जेवायला आले. मी वर निरोप पाठवला होता. निशिकांतने बुंदीचे लाडू खाली पाठवले, स्वतः आला नाही. आर्यनने एक लाडू खाल्ला. मग त्याला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला. नंदाला भेटतो अधूनमधून, असं नंदाच मला फोनवर म्हणाली. निशिकांतला हे माहीत आहे की नाही, मी विचारलं नाही.

पुढचा हंगाम सुरू झाला आणि टॅनने निशिकांतला पुन्हा बोलावलं. नाही म्हणेल असं वाटलं होतं, पण गेला. प्रबोध आणि मीही गेलो. का, ते नीट सांगता येणार नाही. त्याच्या बाजूने कुणीतरी बाकावर असावं, एवढंच.

पिवळे आणि हिरवे शर्ट होते. दोन्हीकडे ओळखीचं कुणी नाही. आभाळ भरलेलं होतंच. एक उंच चिनी मुलगा बॉल घेऊन गोलकडे सुटला. त्याने पाय मागे घेतला आणि भोंगा वाजला. आणि त्याच क्षणी शिट्टी. बॉल जाळीत गेला. गोल नाही. पोरं निशिकांतच्या अंगावर धावून आली, बाकांवरून ‘हू हू’ सुरू झालं. निशिकांत छपराकडे हात दाखवत उभा होता. सगळे पळाले. रेफ्रीने शेवटी निघायचं असतं. पावसाचे थेंब पडायला लागले तरी तो एकटा मैदानाच्या मध्ये उभा होता, कुणी मागे राहिलंय का बघत.

छपराखाली आला तेव्हा मी त्याला टॉवेल दिला. म्हटलं, “भावजी, आज का नाही थांबलात? आज तर कुणी तुमचं नव्हतं.”

“आता नाही थांबत मी, वहिनी. कुणासाठीच नाही. आर्यनला दिलं तेच सगळ्यांना.”

“मग हे त्याला कळवू का? नंदाकडून?”

तो डोकं पुसत राहिला. “काय कळवणार? आता सगळ्यांचेच गोल जातात म्हणून?”

खोली अजून रिकामीच आहे. युनिव्हर्सिटीतली पोरं विचारायला येतात, चांगली पोरं असतात, त्यांना तो चहा देतो आणि परत पाठवतो. परवा नागपूरचा एक मुलगा आला होता, इतका गोड मुलगा, ‘काकू, काकू’ करत खाली माझ्याकडेही येऊन गेला. मी भाजीचा डबा घेऊन वर गेले आणि म्हटलं, “भावजी, ह्याला तरी ठेवून घ्या हो. घरात माणूस हवं. किती दिवस असे भिंतींशी बोलणार?”

निशिकांत कांदा चिरत होता. एकट्यापुरता, अर्धा.

“नको, वहिनी,” तो म्हणाला. “हंगाम चालू आहे. यातलं कोण कधी माझ्यासमोर बॉल घेऊन येईल, सांगता येत नाही.”

मी डबा ओट्यावर ठेवला आणि खाली आले.